पणजीचे जुने जलरंगचित्र कसे वाचावे : नगरदृश्यातून समाजबदलाचा शोध

एकोणिसाव्या शतकातील पणजीची जलरंगचित्रे संग्रहालयांत, जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत आणि परदेशी ग्रंथालयांच्या डिजिटल दालनांत पाहायला मिळतात. मांडवीचे पाणी, काठावरची कौलारू घरे, टेकडीच्या उतारावरचे पांढरे चर्च आणि एका कडेला झुकलेला माड एवढे दिसले की आपण चित्राची तारीफ करतो आणि पुढे जातो. ही चित्रे ज्या काळात रंगवली गेली, तो काळ मात्र गोव्याच्या समाजजीवनात फार मोठ्या उलथापालथीचा होता. इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, १८३५ मध्ये जुन्या गोव्यातील मठ ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली. हे सारे अशा चित्रातून कसे वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि कोठे थांबावे, याची पद्धत या लेखात मांडत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एका चित्रात बदल दिसत नाही, एका वेळची स्थिती दिसते. तरीही त्यातून बदल वाचता येतो, कारण त्या एका स्थितीत वेगवेगळ्या वयाच्या वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात. आदिलशाहीच्या काळातील राजवाडा, त्याच्या जवळ सरकारने नव्याने बांधलेली लांबलचक बराक, तिच्या पायाशी भर घालून कोरडी केलेली दलदल आणि शेजारी अजून शिल्लक राहिलेला माडांचा भाट, म्हणजे बाग, हे सगळे एकाच कागदावर येते. माझ्या मते चित्रवाचनाचे खरे काम या वस्तू वयानुसार वेगळ्या करणे आणि मग कोणती माणसे कोणत्या थरात उभी केली आहेत हे पाहणे, हेच आहे. पुढच्या सर्व पायऱ्या याच कामासाठी आहेत.

पहिली पायरी : अर्थ न लावता नोंद

चित्राचे आडवे-उभे नऊ भाग मनात पाडावेत आणि प्रत्येक भागात काय दिसते ते साध्या शब्दांत लिहून काढावे. या टप्प्यावर 'मासळी विकणारी बाई' असे लिहू नये. 'डोक्यावर टोपली घेतलेली, पांढरे वस्त्र नेसलेली उभी आकृती' असे लिहावे. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण एकदा 'मासळी विकणारी' हा शब्द कागदावर आला की पुढचे सगळे तर्क त्याच्या मागे धावू लागतात, आणि ती आकृती विटा वाहणारी मजूर असू शकेल ही शक्यता मनातून निघून जाते. आकृत्या, होड्या, झेंडे, छपरे, झाडे आणि रिकाम्या जागा अशा सहा गटांत नोंद केली तर पुढे सोयीचे जाते.

दुसरी पायरी : चित्रकार कोठे उभा होता

पणजीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण हे शहर नदी आणि टेकडी यांच्या मधल्या अरुंद पट्टीत वाढले. पलीकडच्या बेतीच्या किनाऱ्यावरून किंवा नांगरलेल्या जहाजावरून पाहणाऱ्याला शहराची पुढची ओळ दिसते. या ओळीत राजवाडा, जकातीची इमारत, धक्का आणि बराक, म्हणजे सत्तेच्या वास्तू आहेत. आल्तिनच्या टेकडीवरून पाहणाऱ्याला याच इमारतींची छपरे, परसदारे, विहिरी, बागा आणि मागची वस्ती दिसते. पाटोच्या बाजूने, रायबंदरला जाणाऱ्या बांधावरून पाहिले तर मिठागरे आणि ओरेंची खाडी पुढे येते. लिन्यारिश नावाने ओळखला जाणारा हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध १६३० च्या दशकात घातला गेला. एकच शहर तीन ठिकाणांहून तीन वेगळे समाज दाखवते.

म्हणून हातातील चित्राची जागा नकाशावर निश्चित करावी. कागदावरील दोन ठळक खुणा घ्याव्यात, उदाहरणार्थ चर्चचा दर्शनी भाग आणि राजवाड्याचे छप्पर, आणि त्या दोन्ही चित्रात जशा एकमेकांच्या डाव्या-उजव्या बाजूस दिसतात तशा प्रत्यक्षात कोठून दिसतील ते तपासावे. बेतीच्या फेरी धक्क्यावर उभे राहून हे आजही करता येते. इमारती उंच झाल्या असल्या तरी टेकडीची रेषा फारशी बदललेली नाही, आणि चित्रातील टेकडीची रेषा प्रत्यक्षाशी जुळत नसेल तर चित्रकाराने रचनेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे, हे तेथेच कळते.

चित्रकार कोण असावा, हे ठाऊक नसले तरी त्याचे शिक्षण कोणत्या प्रकारचे असावे याचा अंदाज करता येतो. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ या वर्षांत, ब्रिटिश फौजा गोव्यात होत्या, आणि त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात स्थळचित्रणाचा समावेश असे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये ॲडिसकोंबला काढलेल्या लष्करी विद्यालयातही ते शिकवले जाई. अशा हाताला किनाऱ्याची रेषा, उंची आणि अंतर अचूक काढण्याची सवय असते, माणसांकडे मात्र त्याचे लक्ष कमी असते. त्यामुळे असे चित्र इमारतींबाबत भरवशाचे आणि माणसांबाबत सैल असण्याची शक्यता बरीच असते. उलट, गोमंतकीय वंशाच्या जुझे गोन्साल्विस याने १८२६ मध्ये मुंबईची शिळाछापातील दृश्ये प्रसिद्ध केली. गोव्याचा माणूस आपली कला घेऊन मुंबईला गेला, ही घटना स्वतःच त्या काळच्या समाजबदलाचा पुरावा आहे. कमाईसाठी गोमंतकीयांची पावले ज्या शहराकडे वळत होती, त्याच शहराचे चेहरे त्याने कागदावर उतरवले.

ऋतूही पाहावा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी जहाजे ये-जा करू शकत नसत, त्यामुळे बाहेरून येणारे चित्रकार बहुतेक कोरड्या हंगामात येत. परिणामी आपल्याजवळ जो चित्रसाठा आहे त्यात पावसाळी पणजी जवळपास नाही. चुडतांचे, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे, आडोसे लावलेली घरे, चिखल आणि खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातली, भातलावणी त्यात येत नाही. वर्षाचे चार महिने समाज ज्या अवस्थेत जगत होता ती अवस्थाच नोंदीबाहेर राहिली, हे लक्षात ठेवून बाकीचे वाचावे.

तिसरी पायरी : कागद आणि रंग

मूळ चित्र पाहण्याची संधी असेल तर ही पायरी करावी. छायाचित्रावरून तिचा थोडाच भाग साधतो. कागद उजेडासमोर धरण्याची परवानगी संग्रहपालाकडे मागावी आणि जलचिन्ह शोधावे. व्हॉटमन या इंग्रज कागदगिरणीच्या कागदावर १७९४ नंतर अनेकदा वर्ष असते. चित्र त्या वर्षापूर्वीचे असू शकत नाही, नंतरचे मात्र कितीही असू शकते, कारण कागद वर्षानुवर्षे जपून ठेवला जाई.

रंगांकडे पाहताना दोन फसवणुकी टाळाव्यात. पहिली आकाशाची. त्या काळचे चित्रकार करडे ढग रंगवताना नीळ आणि तांबडी माती एकत्र करत. नीळ उजेडाने उडते, तांबडे टिकते, आणि राखाडी ढग गुलाबी होतात. अशा आकाशाकडे पाहून 'मावळतीचे शहर' असा भावपूर्ण अर्थ लावणे म्हणजे रंगाच्या झिजेला चित्रकाराचा हेतू समजणे होय. दुसरी पांढऱ्याची. शिशापासून बनवलेला पांढरा रंग हवेतील गंधकामुळे काळवंडतो, त्यामुळे आज काळपट दिसणारा ठिपका मुळात पांढरा पोशाख किंवा पांढरे शीड असू शकतो. जस्ताचा पांढरा रंग जलरंगात १८३४ पासून बाजारात आला. तो काळा पडत नाही. माणसाचे वस्त्र आणि कातडीचा रंग यांवरून समाजातील स्थान ठरवण्याची घाई करण्यापूर्वी हे तपासलेच पाहिजे. कडेला, चौकटीखाली झाकलेल्या पट्टीत मूळ रंग टिकलेला असतो, तेथे पाहावे.

चौथी पायरी : तारखांचे कुंपण

आता पहिल्या पायरीतील यादीतील प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने करावेत, एक 'याआधी नाही' असा आणि दुसरा 'यानंतर नाही' असा. पणजीच्या दृश्यात या कामासाठी उपयोगी पडणाऱ्या खुणा बऱ्याच आहेत.

झेंडा हा सर्वांत सोपा धागा आहे. पोर्तुगालच्या उदारमतवादी पक्षाने १८३० मध्ये निळा-पांढरा झेंडा स्वीकारला आणि १८३४ मध्ये त्यांची सत्ता स्थिर झाल्यावर तो सर्वत्र आला. त्याआधीचा पांढऱ्या भूमीवर राजचिन्ह असलेला होता. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिरवा-तांबडा आला. राजवाड्यावरील झेंडा कागदावर मोहरीएवढा असला तरी निळ्याचा एक स्पर्श पुरेसा असतो. मात्र निळा उडाला असेल ही शक्यता वर सांगितल्याप्रमाणे तपासावी.

नदीकाठची लांब बराक पोर्तुगीज राज्यपाल मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीतील, म्हणजे १८३० च्या आसपासची आहे. याच काळात दलदल भरून सरळ रस्ते आखले गेले. चौकातील, गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्क याचा पुतळा आणि त्यावरचा मंडप १८४० च्या दशकातला. पुतळा जुन्या गोव्यातून आला आणि मंडपाचे खांबही तेथल्या पडक्या वास्तूंतून आणले. हे एकच बांधकाम चित्रात सापडले तरी राजधानीचे स्थलांतर दगडांच्या रूपात समोर उभे राहते, म्हणून त्याला यादीत मानाचे स्थान द्यावे. चर्चच्या दर्शनी भागाच्या शिखरावर मोठी घंटा १८७१ मध्ये बसली. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातून आणली होती आणि तिच्यासाठी मधला भाग उंच व रुंद करावा लागला. मधला भाग ठेंगणा दिसत असेल तर चित्र त्याआधीचे. दूर पश्चिमेला आग्वादचा दीपस्तंभ दिसत असेल तर १८६४ नंतरचे. चित्र जुन्या गोव्याचे असेल तर ऑगस्टिनियन मठाचा मनोरा पाहावा. त्याची छताची कमान १८४२ मध्ये कोसळली आणि दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला.

छपरांचे वाचन थोडे कसबाचे आहे, पण त्यातून सामाजिक माहिती सर्वांत जास्त मिळते. नळ्यांच्या जुन्या कौलांचे छप्पर रंगवताना कुंचला जाड, लाटेसारख्या रेघा ओढतो. मंगळुरी कौलांचे छप्पर सपाट, जाळीदार दिसते. बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला, म्हणजे सपाट कौले त्यानंतरची. ज्या चित्रात सरकारी इमारतीवर मंगळुरी, शेजारच्या घरावर नळे आणि कडेच्या झोपडीवर चुडते आहेत, त्या चित्रात पैशाची, पुरवठ्याची आणि दर्जाची उतरंड छपरांच्या ओळीतच मांडलेली असते.

सगळ्या खुणांचे रकाने भरले की काळाचा एक पट्टा शिल्लक राहतो. तो दहा वर्षांचा निघाला तर उत्तम, चाळीस वर्षांचा निघाला तरी चालेल. दोन खुणा एकमेकींच्या विरोधात जात असतील, उदाहरणार्थ जुना पांढरा झेंडा आणि चौकातील पुतळ्याचा मंडप, तर चित्र नंतर कोणी जुन्या रेखाटनावरून रंगवले असावे, असा विचार करावा.

पाचवी पायरी : माणसे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. आधी एक सावधगिरी. त्या काळच्या नगरदृश्यांत अग्रभागी दोन-चार माणसे बसवण्याचा संकेत होता, त्यामुळे चित्राला खोली येई. ती माणसे त्या दिवशी तेथे होतीच असे नाही. अनेकदा ती दुसऱ्या वहीतून उतरवलेली असतात, आणि चित्राचा छाप काढताना कोरणारा कारागीर आणखी बदल करी. त्याच हाताचे दुसरे चित्र मिळाले आणि त्यात तीच आकृती त्याच पवित्र्यात दिसली, तर तिच्यावर निष्कर्ष उभारू नये. माणसांना 'नमुने' म्हणून चितारण्याची ही परंपरा गोव्याशी जुनीच निगडित आहे. रोमच्या काझानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकातील ७६ रंगीत चित्रांचे एक हस्तलिखित आहे, त्यात आफ्रिका आणि आशियातील समाजांची माणसे जोडीजोडीने उभी आहेत. तेथे माणूस आहे, पण त्याचे शहर नाही. नगरदृश्यात नेमके उलट होते.

तरीही मध्यभागातील, लहान, घाईने काढलेल्या आकृत्या बोलक्या असतात, कारण चित्रकाराने त्या सजावटीसाठी रचलेल्या नसतात. त्या कोठे आहेत ते पाहावे. मचील (पालखीसारखे वाहन) वाहणारे भोई रस्त्याच्या मधोमध आहेत की कडेने? छत्री धरणारा सेवक कोणाच्या मागे आहे? वोल (पांढरी चादर) पांघरलेल्या ख्रिस्ती स्त्रिया चर्चच्या वाटेवर आहेत, की बाजारातही? पागोटेधारी पुरुष राजवाड्याच्या दारापाशी आहेत की धक्क्यावर?

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेल्या मुलखात, हिंदू देवालयांना शतकानुशतके मज्जाव होता. पणजीत महालक्ष्मीचे मंदिर १८१८ मध्ये उभे राहिले. पण हिंदू व्यापारी त्याआधीच सत्तेच्या शेजारी होते. म्हामाय कामतांचे घर राजवाड्याला लागूनच आहे, आणि त्या घराण्याचा व्यवहार पोर्तुगिजांबरोबरच फ्रेंचांशीही चाले. म्हणून एखाद्या चित्रात पागोटेधारी माणूस राजवाड्याजवळ दिसला, तर त्याला 'नव्याने मिळालेले स्वातंत्र्य' म्हणण्याची घाई करू नये. व्यापारातील शेजार जुना होता. उघडपणे पूजा करण्याचा हक्क नवा होता. कायद्याने समान नागरिकत्व तर १९१० नंतर आले. या तीन गोष्टी एका आकृतीवर एकदम लादल्या तर वाचन बिघडते.

काळ्या आफ्रिकी माणसांच्या आकृत्यांबाबतही अशीच काळजी घ्यावी. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ मध्ये बंदी घातली आणि १८६९ च्या हुकुमाने आपल्या सर्व मुलखांत गुलामगिरी रद्द केली. चित्राचा काळ यांच्या कोणत्या बाजूला पडतो त्यावर त्या आकृतीचे वाचन अवलंबून आहे, आणि चित्रात ती आकृती काय काम करते आहे, कोणाकडे तोंड करून आहे, हे त्यापाठोपाठ पाहावे. चौथी पायरी नीट केली नसेल तर ही पायरी करताच येत नाही, ती याच कारणामुळे.

सहावी पायरी : जे काढलेले नाही

उणिवेवरून तर्क करणे जोखमीचे असते, म्हणून येथे एकच नियम ठेवावा. त्या जागेवरून, त्या काळी, जे दिसायलाच हवे होते आणि तरी नाही, तेवढ्याचीच नोंद घ्यावी. महालक्ष्मीचे मंदिर नदीकाठच्या ओळीत नाही, आतल्या बाजूला आहे. बेतीवरून काढलेल्या चित्रात ते नसले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मळा ही पणजीतील वस्ती टेकडीआड जाते, तिचेही तसेच. पण राजवाडा ठळक असूनही त्याला लागून असलेले व्यापाऱ्याचे मोठे घर झाडीत बुडवलेले असेल, किंवा धक्क्यावर होड्या भरपूर आणि माल उतरवणारा हमाल एकही नसेल, तर चित्रकाराने काहीतरी वगळले आहे असे म्हणायला आधार आहे. घरांच्या रंगांचाही असाच तपास करावा. पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखलेला होता, असे गोव्यात सर्रास सांगितले जाते. चित्रात पांढरी घरे किती आहेत आणि ती कोणाची असावीत, हे पाहणे त्या समजुतीची उत्तम परीक्षा आहे.

सातवी पायरी : कागदपत्रांशी गाठ

चित्रातून निघालेले प्रश्न घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात जावे. मराठी वाचकांना येथे एक सोय आहे, जी बहुतेक परदेशी अभ्यासकांना नसते. पोर्तुगीज दप्तराबरोबर येथे मोडीतील कागदही आहेत, आणि म्हामाय कामतांच्या कागदांत पोर्तुगीज व फ्रेंचबरोबर मोडीही आहे. ते कागद पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेकडे सोपवले गेले. मोडी वाचता येत नसेल तर तिचे जुजबी शिक्षण घेणे, हा या कामातला माझ्या दृष्टीने सर्वांत फलदायी खर्च आहे. सरकारी राजपत्र १८३७ पासून निघू लागले. इमारतींचे बांधकाम, लिलाव आणि मनाई हुकूम त्यात सापडतात. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पाटो येथे असलेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. जाताना प्रश्न नेमका असावा. 'पणजीचा समाज कसा होता' हा प्रश्न घेऊन गेले तर दप्तरदार काहीच काढून देऊ शकत नाही. 'या दहा वर्षांत धक्क्यावरची जागा कोणाला भाड्याने दिली होती' असे विचारले तर फाईल समोर येते.

आठवी पायरी : लिहिणे

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधान तीन दर्जांपैकी, म्हणजे खुणांवर उभे, निरीक्षणावर उभे किंवा अटीवर उभे यांपैकी, कोणत्या दर्जाचे आहे ते शब्दांतूनच कळले पाहिजे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा बेतीवरून काढलेल्या चित्रात निळा-पांढरा झेंडा, बराक, चर्चचा ठेंगणा मधला भाग आणि सर्वत्र नळ्यांची कौले आहेत; धक्क्यावर पागोटेधारी तिघे आणि मागे माडांचा भाट आहे. तर असे लिहावे : 'चित्र १८३४ ते १८७१ या दरम्यानच्या पणजीचे आहे, आणि एकही मंगळुरी छप्पर नसल्यामुळे ते या काळाच्या पूर्वार्धातले असण्याची शक्यता अधिक आहे. राजधानीचा नदीकाठ बांधून झाला होता, पण त्यामागची जमीन अजून माडांखाली होती, म्हणजे शहराचा दर्शनी भाग शहराच्या आधी तयार झाला. धक्क्यावरील तीन आकृती हिंदू व्यापारी किंवा त्यांचे कारकून असावेत. तसे असेल तर माल उतरण्याच्या जागी त्यांचे असणे ही रोजची बाब होती, असे चित्रकाराला वाटले.' येथे पहिले विधान खुणांवर उभे आहे आणि त्यातील 'शक्यता' उघडपणे सांगितलेली आहे, दुसरे निरीक्षणावर आणि तिसरे उघडपणे अटीवर. तिसऱ्या विधानातील शेवटचे शब्दही मुद्दाम निवडलेले आहेत, कारण चित्र ज्याची साक्ष देते ते आधी चित्रकाराचे पाहणे असते.

टिपणाच्या शेवटी चित्राचे माप, पाठीमागील मजकूर, जलचिन्ह, पाहिल्याची तारीख आणि मूळ पाहिले की छायाचित्र, हे लिहावे. छायाचित्र असेल तर ते कडांसह पूर्ण आहे का, हेही नोंदवावे. कापलेल्या कडेबरोबर एखादी होडी, एखादी झोपडी किंवा चित्रकाराची सही गेलेली असते. चित्र घरातले असेल तर ते खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढून मंद उजेडात, कोरड्या खोलीत ठेवावे आणि पाठीमागचा लाकडी फळा काढून तेथे आम्लरहित पुठ्ठा बसवून घ्यावा. तांबूस डाग दिसले तर घरी पुसण्याचा प्रयत्न न करता कागद-संवर्धकाला दाखवावे. चौकट उघडली जाईल त्याच वेळी मागची बाजू आणि झाकलेली कड यांची छायाचित्रे काढून टिपणासोबत जोडावीत.